फी न घेणारी शाळा





मागच्या सत्रात नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात वही होती. "मॅडम, प्रेप स्कूल म्हणजे काय हो? सरांनी सांगितलं, तुम्हाला विचार." मी फाइल बाजूला न ठेवताच उत्तर दिले, "अरे, केजीच्या आधीचा वर्ग. तुझी धाकटी बहीण जाते ना, तोच." तो म्हणाला, "पण मॅडम, डॉक्टर फाउची तर चौदा वर्षांचे असताना प्रेप स्कूलमध्ये होते." मग मात्र फाइल बाजूला ठेवावी लागली.

करोनाच्या दिवसांत अमेरिकेच्या दूरदर्शनवर रोज दिसणारे डॉ. अँथनी फाउची यांच्यावर त्याने प्रकल्प घेतला होता. त्याचे बरोबर होते आणि प्राचार्यांचे चूक. ते उत्तर नीट द्यावे म्हणून मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता आपल्याच शाळेतल्या एका जुन्या प्रश्नाशी येऊन पोचले. म्हणून या अंकात नेहमीच्या 'प्राचार्यांचे मनोगत' ऐवजी हा लेख देत आहे. मी स्वतः हिंदी माध्यमातून शिकलेली, तेव्हा माझ्या मराठीत मधूनच हिंदी डोकावेल. मराठीच्या बाईंनी लेख तपासला आहे, तरी राहिले असेल ते सांभाळून घ्यावे.

आधी शब्दाचे पाहू. आपल्याकडे गल्लोगल्ली 'प्रेप' ही पाटी दिसते ती लहानग्यांच्या वर्गावर. इंग्लंडमध्ये प्रेपरेटरी स्कूल म्हणजे साधारण सात-आठ ते तेरा वर्षांच्या मुलांची खाजगी शाळा. ती मुलाला कशासाठी तयार करते? तर ईटन, विंचेस्टर अशा मोठ्या निवासी शाळांच्या प्रवेशासाठी. गंमत अशी की त्या मोठ्या खाजगी शाळांना तिथे 'पब्लिक स्कूल' म्हणतात. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी, फुकट शाळा, आणि प्रेप स्कूल म्हणजे नववी ते बारावीची अशी शाळा, जी मुलाला कॉलेजसाठी तयार करते. बहुतेक प्रेप शाळा खाजगी, बऱ्याचशा महागड्या, आणि त्यांतल्या कित्येक एखाद्या धर्मसंस्थेने चालवलेल्या. काही फक्त मुलांच्या, काही फक्त मुलींच्या. आपल्या शहरात 'पब्लिक स्कूल' अशी पाटी लावणाऱ्या शाळांनी नाव इंग्लंडकडून घेतले आणि फीसुद्धा तिथलीच घेतली, असे माझे एक सहकारी म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही.

डॉ. फाउची ज्या शाळेत होते तिचे नाव रीजिस हायस्कूल. न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या अगदी श्रीमंत वस्तीत, ८४व्या रस्त्यावर ती आहे. सतराव्या शतकातले एक फ्रेंच संत, जॉन फ्रान्सिस रीजिस, यांच्यावरून हे नाव पडले. शाळा फक्त मुलांची, आणि तीही रोमन कॅथलिक मुलांची. लेखी परीक्षा आणि मुलाखत यांतून निवड होते. चार वर्गांत मिळून सव्वापाचशेच्या आसपास मुले. चालवणारे जेझुइट पंथाचे पाद्री. येथपर्यंत सर्व इतर शाळांसारखेच. वेगळे एवढेच की १९१४ साली शाळा सुरू झाली तेव्हापासून आजपर्यंत तिने एकाही मुलाकडून शिक्षणाची फी घेतलेली नाही. गरीब मुलाला माफ आणि श्रीमंत मुलाला पूर्ण, असेही नाही. कोणालाच फी नाही.

फाउचींचे वडील ब्रुकलिनमध्ये औषधांचे दुकान चालवत आणि कुटुंब दुकानाच्या वर राहत असे. तिथून हा मुलगा बस आणि भुयारी रेल्वे बदलत तासाहून अधिक प्रवास करून रोज शाळेत जाई, आणि तितकाच वेळ परत येई. लॅटिन आणि ग्रीक शिकला, उंची बेताची असून बास्केटबॉल संघाचा कप्तान झाला, १९५८ साली शाळा संपवून बाहेर पडला. पुढे १९८४ ते २०२२ पर्यंत ते अमेरिकेच्या संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेचे संचालक होते. आमच्या नववीच्या मुलाच्या प्रकल्पात हे सर्व आले आहे आणि तो प्रकल्प वाचनालयात ठेवला आहे.

आता हा पैसा आला कुठून?

न्यूयॉर्कचे एक महापौर होते, ह्यू ग्रँट. १८८९ मध्ये पदावर बसले तेव्हा वय अवघे तीस. १९१० साली ते वारले. त्यांची पत्नी ज्युलिया ग्रँट हिने आपल्या वस्तीतल्या सेंट इग्नेशियस लोयोला चर्चचे प्रमुख फादर डेव्हिड हर्न यांच्याकडे मोठी रक्कम सोपवली. अटी थोड्याच. शाळा कॅथलिक मुलांसाठी असावी, ज्यांच्या आईबापांना शिकवणे परवडत नाही त्यांचा विशेष विचार व्हावा, फी घेऊ नये, आणि देणाऱ्याचे नाव कोणाला कळू नये. हे शेवटचे कलम इतके पाळले गेले की शाळेत शिकून बाहेर पडलेल्या मुलांच्या कित्येक तुकड्यांना आपण कोणाच्या पैशाने शिकलो हे ठाऊक नव्हते. ती बाई १९४४ साली गेली. शाळेच्या वादविवाद मंडळाला फादर हर्न यांचे नाव आहे, म्हणजे ज्याने पैसे पोचवले त्याचे नाव राहिले. देणारीचा उल्लेख बराच काळ नुसता 'संस्थापिका' असा होत असे.

त्याच चर्चच्या आश्रयाने १९०० पासून आणखी एक जेझुइट शाळा चालू होती, तिचे नाव लोयोला स्कूल. ती फी घेणारी, सधन घरांतल्या मुलांची. म्हणजे एकाच चर्चच्या सावलीत एक पैसेवाल्यांची शाळा आधीच होती, आणि बाईंनी दुसरी काढली ती दुकानदारांच्या, पोलिसांच्या, मजुरांच्या मुलांना जाता यावे म्हणून.

हे नीट समजायला थोडा मागचा इतिहास पाहिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून लाखो कॅथलिक माणसे न्यूयॉर्कला आली. बहुतेक उपाशी आणि कफल्लक. तिथल्या सार्वजनिक शाळांत प्रोटेस्टंट पंथाचे बायबल वाचले जाई आणि पाठ्यपुस्तकांत कॅथलिकांची टिंगल असे. बिशप जॉन ह्यूज यांनी मागणी केली की आमच्या शाळांनाही सरकारी निधीतून वाटा द्या. १८४२ साली कायदा झाला तो उलट: धर्म शिकवणाऱ्या कोणत्याच शाळेला तो पैसा मिळणार नाही. मग कॅथलिकांनी चर्चगणिक आपल्या शाळा उभ्या केल्या. शिकवायला जोगिणी, ज्यांना इंग्रजीत नन म्हणतात, नाममात्र मोबदल्यावर. आईबाप सरकारी शाळांसाठी कर भरत आणि वर आपल्या शाळेसाठी वर्गणी देत.

परमुलखात जाऊन वसलेला समाज आधी देऊळ बांधतो, मग शाळा. आपल्या पूर्वजांनी इथे गणेशोत्सव सुरू केला, कीर्तनाची व्यवस्था केली आणि एका वाड्यात चार वर्ग भरवले, त्यामागे हेच होते. पोरगा इथला होवो, पण घरची भाषा विसरू नये. आपल्या राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने धर्माने किंवा भाषेने अल्पसंख्य असलेल्यांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलेला आहे. न्यूयॉर्कच्या त्या आयरिश माणसांची धडपड मला परकी वाटली नाही ती यामुळे.

जेझुइट हे नावही मराठी माणसाला परके नाही. इग्नेशियस लोयोला यांचा हा पंथ १५४० साली पोपने मान्य केला, आणि त्याच्या पहिल्या मंडळींपैकी फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्याला आले. युरोपात या पंथाने १५४८ साली सिसिलीतल्या मेसिना गावी शाळा काढली आणि त्यानंतर शाळांचे जाळेच विणले. १५९९ साली त्यांनी वर्ग कसे भरवावेत, काय शिकवावे, परीक्षा कशा घ्याव्यात याचे एक नियमपुस्तक केले. ते शेकडो शाळांत वापरले गेले. आणि मुख्य म्हणजे सुरुवातीच्या काळात या शाळा फी घेत नसत. एखादा राजा, नगरपालिका किंवा श्रीमंत विधवा ठेव ठेवी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चाले. १७७३ मध्ये पोपनेच पंथ बरखास्त केला, १८१४ मध्ये पुन्हा उभा केला. पण तोवर जुन्या ठेवी आणि जमिनी गेल्या होत्या, आणि एकोणिसाव्या शतकात नाइलाजाने फी सुरू करावी लागली. म्हणजे ज्युलिया ग्रँटने नवे काही काढले नव्हते. मोडलेली जुनी रीत तिने एका इमारतीपुरती परत आणली.

याच पंथाचा एक इंग्रज पाद्री, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात उतरला आणि साष्टी भागात राहिला. त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापले गेले. त्यात त्याने मराठी भाषेची थोरवी गायली आहे, हे दहावीच्या मुलांना ठाऊक असेलच. छापील प्रतींपैकी एकही आज उरलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम काढला. एक परदेशी माणूस आपली भाषा शिकून तिच्यात पुराण लिहितो आणि सत्तर वर्षांच्या आत त्याच्याच धर्माचे सरकार तिथल्या लोकांची बोली बंद करू पाहते, असा हा इतिहास आहे. मी मुलांना दोन्ही सांगते.

पैशाच्या बाबतीतही दोन्ही सांगायला हवे. ह्यू ग्रँट हे टॅमनी हॉल या राजकीय गटाचे माणूस. नोकऱ्या, ठेके आणि मते यांची देवाणघेवाण करणारा हा गट भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध होता. तेव्हा त्या घरातला प्रत्येक डॉलर चंदनाचा होता असे कोणी समजू नये. त्याहून वाईट उदाहरण जॉर्जटाउनचे. १७८९ साली तिथे जेझुइट कॉलेज स्थापन झाले आणि मुलांची प्रेप शाळाही त्याच्याच पोटात वाढली. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्या मळ्यांवरचे २७२ गुलाम, बायका-मुलांसह, लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकले, आणि त्या पैशाचा काही भाग कॉलेजचे कर्ज फेडण्यात गेला. कितीतरी घरे फुटली. २०२१ साली पंथाने त्या लोकांच्या वंशजांसाठी १० कोटी डॉलर उभे करण्याचे कबूल केले. विश्वस्त मंडळींनी हे वाचावे अशी माझी विनंती आहे. शाळेच्या भिंतीत कोणाचा पैसा आहे हे विचारणे अशिष्टपणा नव्हे.

रीजिसच्या आणखी दोन गोष्टी मला खटकतात. देणगी एका बाईची, आणि शाळेत मुलींना जागा नाही. १९१४ साली असे पुष्कळ शाळांत होते, पण आता शंभरहून अधिक वर्षे झाली. शेजारच्या लोयोला स्कूलने १९७३ मध्ये मुलींना प्रवेश दिला; रीजिसने दिला नाही. मुलगे एकटे असले की अभ्यासात लक्ष लागते, असे समर्थन केले जाते. बत्तीस वर्षे शिकवल्यावर मी एवढेच म्हणेन की ज्याचे लक्ष लागायचे नाही त्याला खिडकीतला कावळाही पुरतो. दुसरे, ती शाळा हुशार मुले निवडून घेते. आपण तसे करत नाही. आपल्याकडे ज्याला 'ळ' म्हणता येत नाही तोही येतो आणि ज्याला पाढे येत नाहीत तोही. निवडक सव्वाशे मुलांचा वर्ग चांगला निघाला तर त्यात शिक्षकांचे श्रेय किती आणि चाळणीचे किती, हा हिशेब अवघड आहे.

शिवाय मूळ ठेव कायमची पुरली, असेही झाले नाही. महागाई वाढली, पगार न घेणारे पाद्री शिक्षक कमी झाले, त्यांच्या जागी संसारी शिक्षक आले. मग शाळेला माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरावा लागला. आता शाळा मुख्यतः अशा देणग्यांच्या जोरावर चालते. एके काळी स्वतः फुकट शिकलेली माणसे पुढच्यांचा खर्च उचलतात. कोणी किती दिले यावर मुलाचा प्रवेश ठरत नाही.

आपल्याकडे असे कोणी केले नाही असे नाही. रीजिस सुरू झाल्यावर पाचच वर्षांनी, १९१९ साली, सातारा जिल्ह्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला. मुलांनी शेतात आणि बांधकामावर राबायचे आणि शिकायचे. वसतिगृहात धान्य नसताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही, मोडायला दिले. न्यूयॉर्कच्या बाईंकडे लाखो होते, साताऱ्याच्या बाईंकडे अंगावरचे दागिने. त्याआधीच्या पिढीत गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माझे आजोबा ग्वाल्हेरला असेच शिकले. म्हातारपणीसुद्धा ते कोणाकडे जेवायला गेले की दुसऱ्यांदा भात मागत नसत. आजी सांगायची, ही वाराची सवय. कोणत्या घरी पान वाढताना कपाळाला आठी पडायची हे त्यांना साठ वर्षांनंतरही घराच्या नावासकट आठवत होते.

आता आपल्या शाळेचे.

गेल्या एप्रिलमध्ये एक आई ऑफिसात आल्या आणि मुलाची टी.सी. मागू लागल्या. मुलगा सातवीत, चुणचुणीत. कारण विचारले तर म्हणाल्या, घर बदलतोय. घर बदलत नव्हते, हे मला ठाऊक होते. वडिलांचे काम सुटले होते आणि दोन हप्ते थकले होते. मी म्हटले, "अहो, आपल्याकडे विद्यार्थी सहायता निधी आहे, अर्ज करा, मी स्वतः सही करते." त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही गॅदरिंगला नावं वाचता ना."

आम्ही वाचतो. वर्षानुवर्षे वाचत आलो. वार्षिक स्नेहसंमेलनात आधी देणगीदारांची नावे, मग ज्यांना मदत मिळाली त्या मुलांची नावे, मग मुले एकेक करून मंचावर येऊन पाकीट घेतात आणि फोटो निघतो. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. देणाऱ्याला समाधान मिळावे, हिशेब उघड असावा, इतकेच. मी स्वतः ती यादी माइकवर वाचली आहे, आणि एकदा एका मुलाचे नाव चुकीचे वाचल्यावर ते पुन्हा, मोठ्याने वाचले आहे. तो मुलगा मंचावर यायला इतका वेळ का लावत होता हे मला तेव्हा कळले नव्हते.

सर्वांनाच फी नसली की कोण गरीब हा प्रश्नच वर्गात उठत नाही, हे त्या अमेरिकन शाळेविषयी वाचताना मला प्रथम नीट समजले. आपण तसे करू शकत नाही. आपल्याकडे ज्युलिया ग्रँट नाही, शिक्षकांचे पगार फीमधूनच होतात, आणि फी बंद केली तर जुलैत शाळा बंद होईल. पण तिच्या अटींपैकी एक पाळायला पैसा लागत नाही, आणि ती आपण उलटी करून पाळू शकतो. तिने देणाऱ्याचे नाव झाकले, आपण घेणाऱ्याचे झाकू.

हा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळासमोर ठेवला. चर्चा बरीच झाली. एका ज्येष्ठ विश्वस्तांचे म्हणणे असे की नावे जाहीर नसतील तर पैसे योग्य जागी गेले हे देणगीदाराला कसे कळणार, आणि हा प्रश्न रास्त आहे. म्हणून असे ठरले: अर्ज फक्त प्राचार्य, एक विश्वस्त आणि लेखापाल पाहतील. वर्षाअखेर किती मुलांना मिळून किती रक्कम दिली हा आकडा याच पत्रिकेत छापला जाईल, नावे नाहीत. मदतीची रक्कम परस्पर फीच्या खात्यात जमा होईल, पाकीट नाही, फोटो नाही. फीची पावती सर्वांना सारखीच मिळेल. देणगीदारांची नावे पूर्वीप्रमाणे छापली जातील. ज्यांना नको असेल त्यांनी अर्जावर तसे लिहावे. आतापर्यंत दोघांनी लिहिले आहे.

त्या आई टी.सी. घेऊन गेल्या. मी दोनदा फोन केला, मुलगा आता घराजवळच्या सरकारी शाळेत आहे आणि बरा आहे असे त्या म्हणाल्या. त्याची जागा आठवीत रिकामी ठेवली आहे.

सहायता निधीचे अर्ज आता ऑफिसच्या खिडकीवर मिळणार नाहीत, कारण तिथे रांग असते. ते प्रवेशपत्रासोबत प्रत्येक पालकाला दिले जातील, हवे असो वा नसो. भरलेला अर्ज बंद पाकिटात माझ्या खोलीबाहेरच्या पेटीत टाकावा. शेवटची तारीख नाही.

— प्राचार्या